वादळानंतरचं आवार: पडलेला गुलमोहर, चिरलेला आंबा आणि कामाचा क्रम

पार्श्वभूमी

घराच्या तिन्ही बाजूंना मोकळं आवार. पुढे फाटकाजवळ मोठा गुलमोहर, मागे त्याहून जुना आंबा आणि कुंपणालगत काही वर्षांपूर्वी लावलेलं जांभूळ, खोड आता मनगटाएवढं. घरात राहणारे दोघंच, दोघांनीही साठी ओलांडलेली. त्यांना इथे काका-काकू म्हणू. मुलगा दुसऱ्या गावी असतो. वादळाचं कळल्यावर तो सकाळीच येऊन पोचला. शेजारी एक तरुण गृहस्थ, मदतीला कायम तयार आणि स्वतःची चेनसॉ असलेला. प्रसंग खरा आहे, ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

मी झाडांच्या निगेचं काम करतो. वादळानंतर येणाऱ्या फोनमध्ये पहिला प्रश्न जवळजवळ नेहमी एकच असतो, ‘कापायला माणूस कधी पाठवता?’ या घरातून फोन आला तेव्हा कापायला सुरुवात झालेली होती आणि एक प्रसंग थोडक्यात टळला होता. हे प्रकरण सविस्तर लिहिण्याचं कारण तेच. पडलेलं झाड उचलायला ताकद लागते हे सगळ्यांना दिसतं, पण कोणतं काम आधी आणि कोणतं नंतर यावर माणसाचा जीव अवलंबून असतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

काय झालं होतं

आधीचे काही दिवस पाऊस लागून राहिला होता. माती पाण्याने भरलेली. रात्री वारा सुटला आणि गुलमोहर मुळांसकट उन्मळून आवारात आडवा झाला. शेंडा कुंपणाच्या भिंतीवर टेकला आणि पडताना त्याने खांबावरून घरात येणारी विजेची तार ओढून खाली आणली. तार पानांच्या ढिगात कुठेतरी गेली होती. कुठे, ते दिसत नव्हतं. बुंध्याकडे मुळांचा गड्डा मातीसकट उभा राहिला होता, पुरुषभर उंच, आणि त्याच्यामागे तेवढाच खोल खड्डा. फाटक पूर्ण बंद.

मागच्या आंब्याची एक जाड फांदी मोडून वरच्या फांद्यांत अडकली होती, बरोबर मागच्या दाराच्या वाटेवर. आणखी एक गोष्ट काकूंच्या नजरेला पडली. आंब्याला खालून दोन मोठे भाग फुटलेले आहेत, त्या बेचक्यातून खाली जाणारी एक ताजी चीर. तिच्यातला लाकडाचा गाभा अजून ओला आणि पांढुरका दिसत होता. त्या दोनांपैकी एक भाग घराच्या छपरावर झुकलेला आहे आणि खालच्या खोलीत काका-काकू झोपतात. जांभूळ जमिनीला टेकलं होतं, अर्धी मुळं उघडी.

पहिला तास

शेजाऱ्याने फाटकापासून सुरुवात केली. हेतू चांगलाच होता. काकांना औषधांसाठी बाहेर पडता यावं, एवढंच त्याच्या मनात होतं. खोडाखाली दबलेली मनगटाएवढी एक फांदी त्याला वाटेत आडवी आली, म्हणून ती आधी कापायला घेतली. करवत अर्ध्यावर गेली आणि फांदी फाटकन तुटून त्याच्या गुडघ्याच्या वितभर पुढून सपकन गेली. पाठोपाठ खोड हातभर खाली बसलं आणि चेनसॉची पट्टी त्यात चिमटली गेली.

ती फांदी खोडाच्या वजनाने वाकून ताणलेल्या धनुष्यासारखी झाली होती. उभ्या झाडाचं वजन मुळांवर असतं, पडलेल्या झाडाचं वजन त्याच्याच फांद्यांवर, भिंतीवर, जमिनीच्या उंचवट्यांवर विभागलेलं असतं. कोणती फांदी भार पेलते आहे आणि कोणती नुसती पडून आहे, हे ओळखल्याशिवाय करवत लावायची नाही.

मुलाने तिथेच काम थांबवलं. ‘बाबा, तुम्ही आणि आई आत जा. दादा, ती मशीन तिथेच राहू दे, आपण आधी विचारून घेऊ.’ मला फोन आला तो यानंतर.

फोनवर मी पहिली विचारणा तारेची केली. ‘मेन स्विच खाली केलाय,’ असं उत्तर आलं. हा गैरसमज मला जवळजवळ प्रत्येक घरात भेटतो. मेन स्विचमुळे घरातली वीज बंद होते. खांबावरून मीटरपर्यंत येणारी तार स्विचच्या अलीकडे असते, तिच्यावर त्या स्विचचा काहीच अंमल नसतो. आजूबाजूची वीज गेलेली असली तरी ती कधीही परत येते, आणि कुणी चुकीच्या जोडणीने जनरेटर चालवत असेल तर मेलेली वाटणारी तार उलट्या बाजूने जिवंत होते. ओली पानं, ओली माती, लोखंडी फाटक, तारेचं कुंपण या सगळ्यांतून ती वीज पसरू शकते. म्हणजे तारेला हात लावला नाही तरी माणूस सुरक्षित नसतो. किमान १० मीटर लांब राहायचं, हा सर्वसाधारण दंडक आहे. शेजारी तासभर त्याच पानांच्या ढिगापासून काही पावलांवर उभा होता.

समोर आलेले पर्याय

एक, तारेकडची बाजू सोडून उरलेलं काम आपणच चालू ठेवायचं. शेजाऱ्याचा कल इकडे होता. फाटक लवकर मोकळं झालं असतं, पण तार नेमकी कुठे आहे हेच माहीत नसताना ‘उरलेली बाजू’ ठरवणार कशी? हा पर्याय लगेच बाद झाला.

दोन, कशालाही हात न लावता सगळं काम झाडं कापणाऱ्या पथकावर सोपवायचं. सर्वांत सुरक्षित, पण वादळानंतर अशा पथकांना गावभर बोलावणी असतात. जांभळाची उघडी मुळं तोपर्यंत वाळून गेली असती, आणि लहान डहाळ्यांचा जो पसारा घरच्या माणसांना सहज आवरता येतो तोही तसाच पडून राहिला असता.

तीन, कामाची वाटणी. तार वीज कंपनीकडे. गुलमोहराचं खोड, अडकलेली फांदी आणि आंब्याची चीर पथकाकडे. जमिनीवर सुट्या पडलेल्या, हाताने उचलता येणाऱ्या फांद्या आणि जांभूळ घरच्यांकडे, तेही तार काढल्यानंतरच. हाच पर्याय ठरला. वाटणीची खूण सोपी ठेवली: दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, डोक्यावर काहीही लटकत नसताना, कशाच्याही वजनाखाली नसलेली फांदी हातकरवतीने कापता येत असेल तरच ते घरचं काम. शिडी लागली, चेनसॉ खांद्याच्या वर न्यावी लागली किंवा फांदी वाकलेली दिसली, की ते घरचं काम राहत नाही.

फाटकाचं काय, हा प्रश्न उरला. बाजूच्या कुंपणाचा एक भाग सोडवून शेजाऱ्याच्या आवारातून वाट काढली. इतकं साधं उत्तर हाताशी होतं, पण आधी ते कुणाला सुचलं नाही, कारण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बंद फाटकच होतं. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत उपयोगी निर्णय हाच. बाहेर पडायची वाट मिळाली आणि त्याबरोबर सगळी घाई उतरली.

प्रत्यक्ष काम

दुपारी वीज कंपनीची माणसं आली. त्यांनी खांबावरून जोडणी तोडली, तार ओढून गुंडाळली आणि बंद केल्याचं तोंडी सांगितलं. तोवर मुलाने लांबूनच सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवले: मुळांचा गड्डा, भिंतीची पडझड, आंब्याची चीर. विम्यासाठी किंवा भिंतीच्या मालकीवरून पुढे बोलणं निघालं तर मूळ स्थितीचे फोटो लागतात, आणि एकदा कापायला सुरुवात झाली की ती स्थिती परत मिळत नाही. झाड तोडायला स्थानिक परवानगी लागते का, याची चौकशीही त्याने करून ठेवली. पडलेल्या आणि उभ्या झाडांचे नियम वेगळे असू शकतात, त्यामुळे आंब्याबाबत हे आधी विचारणं गरजेचं होतं.

संध्याकाळी जांभूळ उभं केलं. नुसतं ओढून सरळ केलं नाही. मुळं जिथून उचकटली होती तिथली माती आधी खोल उकरली, म्हणजे ती पुन्हा पहिल्याच पातळीवर बसतील आणि दुमडणार नाहीत. तुटून चिंध्या झालेली मुळं स्वच्छ कापली, माती भरून पाणी दिलं, दोन बाजूंना खुंट ठोकून रुंद पट्टीने सैलसर बांधलं. खोड वाऱ्यावर थोडं हललं पाहिजे, त्याशिवाय ते जाड होत नाही. खोडाचा व्यास साधारण १० सेंमीच्या आत असेल तर असं झाड पुन्हा धरण्याची शक्यता चांगली असते. मोठं झाड उभं करून बांधण्यात सहसा अर्थ नसतो, ते पुढच्या वाऱ्यात परत जातं.

पथक आलं तेव्हा गुलमोहराच्या आधी मागच्या दाराची अडकलेली फांदी घेतली. काकांनी तोवर एक दोरखंड काढून ठेवला होता, खालून ओढून ती पाडायची असा त्यांचा बेत होता. अशी फांदी ओढणाऱ्याच्या मनाप्रमाणे पडत नाही, मध्ये दुसरीवर आपटून दिशा बदलते. त्या वाटेला दोरी लावून ये-जा बंद ठेवली, माणूस वर चढला, फांदी बांधली आणि हळूहळू उतरवली.

गुलमोहराच्या बाबतीत आधी शेंड्याकडच्या, भार नसलेल्या फांद्या काढल्या. मग खोड शेंड्याकडून बुंध्याकडे तुकड्या-तुकड्याने. दोन्ही टोकांना टेकलेल्या ओंडक्याची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. म्हणून वरून साधारण एक तृतीयांश काप घेऊन उरलेला खालून पूर्ण करायचा. एकच टोक टेकलेलं असेल तर नेमकं उलट. हा नियम चुकला की करवत चिमटते, नाहीतर लाकूड उभं फाटतं. खोडाचा व्यास ४० सेंमीच्या आसपास होता. एवढ्या जाडीच्या ओल्या लाकडाचा १ मीटरचा तुकडा सुमारे १०० किलो भरतो, कधी जास्तच, त्यामुळे तुकडे फूट-सव्वा फुटाचे केले. जाडी दुप्पट झाली की तेवढ्याच लांबीचं वजन चौपट होतं. अंदाज चुकून पाठ मोडून घेणारे लोक इथेच चुकतात.

बुंध्याचा शेवटचा काप सर्वांत जोखमीचा. मुळांच्या गड्ड्याला असं उभं धरून ठेवणारं वजन खोडाचंच असतं. ते सुटलं की गड्डा मागे फिरून खड्ड्यात आपटतो. मागच्या खड्ड्यात लहान मुलं उतरलेली असतात, कुणी माती काढत असतं. असे जीव गेलेले आहेत. पथकाने गड्ड्याला दोरखंड लावला, जवळजवळ दोन मीटर बुंधा त्याला जोडलेला ठेवला, माणसं मोजून बाजूला उभी केली आणि मगच काप घेतला. करवत पुरती बाहेर यायच्या आत बुंधा उचलला गेला, दोरखंड ताठ झाला आणि गड्डा धप्पकन निम्म्याहून जास्त खाली बसला. काका ओसरीतून बघत होते. आदल्या दिवशी त्याच खड्ड्याच्या काठावर उभं राहून त्यांनी तुटलेली पाइप पाहिली होती.

त्या पाइपनेच झाड पडण्याचं कारण दाखवलं. गड्ड्याच्या फाटकाकडच्या बाजूला जाड मुळांची टोकं एका सरळ रेषेत कापलेली होती. कापलेल्या जागी लाकूड काळपट, बोटाने चुरडलं जाईल इतकं कुजलेलं. काही वर्षांपूर्वी पाण्याच्या पाइपसाठी तिथून चर खणला होता. झाडांची बहुतेक मुळं वरच्या ४५ ते ६० सेंमी मातीत आडवी पसरतात, त्यामुळे उथळ चरही मोठं नुकसान करतो. वारा त्याच बाजूने आला. वाऱ्याकडच्या मुळांनी ओढून धरायचं असतं, आणि त्या बाजूला धरायला काही उरलेलंच नव्हतं.

आंब्याचा निर्णय

इथे घरात दोन तट पडले. मुलगा म्हणाला, पूर्ण काढून टाका. काकूंचा ठाम नकार. शेजाऱ्याचा मधला मार्ग होता, वरून सगळं छाटून बोडकं करा, वाऱ्याला धरायला काही राहणार नाही.

तिसऱ्याला मी स्पष्ट विरोध केला. झाड बोडकं केलं की साठवलेल्या अन्नावर ते घाईने असंख्य फुटवे काढतं. हे फुटवे वरवर चिकटलेले असतात, जाड झाले की वाऱ्यात तेच मोडतात, आणि मोठे उघडे काप कुजत जातात. आज सुरक्षित वाटणारं झाड काही वर्षांनी आधीपेक्षा धोकादायक होतं.

मग खरा प्रश्न, काढायचं की ठेवायचं. बेचकं अरुंद होतं आणि दोन भागांच्या मध्ये साल दबली गेली होती. अशा जोडात लाकूड लाकडाला धरत नाही, म्हणून तो मुळातच कच्चा असतो. ही बाजू काढून टाकण्याकडे झुकणारी. दुसरीकडे, मोडलेल्या फांदीसह झाडाचा पाव हिस्सासुद्धा विस्तार गेला नव्हता, बुंध्यावर ठोकून पाहिलं तर पोकळ आवाज नव्हता, मुळांजवळची माती उचललेली किंवा भेगाळलेली नव्हती. निम्म्याच्या वर विस्तार गेला असता तर मी मुलाच्या बाजूने बोललो असतो.

मी सुचवलं ते असं: कायमचा निर्णय या आठवड्यात घेऊच नका, पण धोका आजच कमी करा. वादळानंतरच्या दिवसांत लोक भीतीने जी झाडं काढतात, त्यातली कितीतरी राखता आली असती. पण राखायचं म्हणून खाली झोपणाऱ्या माणसाला जोखमीत ठेवणं हेही मला मान्य नाही. म्हणून काका-काकूंनी त्याच दिवशी पुढच्या खोलीत झोपायला सुरुवात केली. छपराकडे झुकलेल्या भागाच्या टोकाकडचं वजन कमी केलं, बाजूच्या फांदीपर्यंत मागे छाटून. बेचक्यात आरपार बोल्ट बसवला आणि वर, बेचक्यापासून शेंड्यापर्यंतच्या अंतराच्या साधारण दोन तृतीयांश उंचीवर, दोन भागांना जोडणारी पोलादी केबल. चिरेच्या खालच्या टोकाला रंगाची आडवी रेघ मारली, चीर पुढे सरकली तर कळावी म्हणून.

मोडक्या फांदीचा उरलेला खुंट तीन कापांत काढला. खोडापासून हातभर लांब खालून अर्धवट काप, त्याच्या थोडं पुढे वरून काप, म्हणजे फांदी पडताना साल सोलत नेत नाही. शेवटी उरलेला खुंट, खोडाला लागून असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेरून. ते कडं कापायचं नाही आणि खुंटही लांब ठेवायचा नाही. काकांनी कापावर लावायला डांबराचा डबा आणून ठेवला होता, तो तसाच परत गेला. अमेरिकी वनसेवेतले संशोधक अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी चिरून अभ्यास केला आणि १९७७ मध्ये आपली मांडणी प्रसिद्ध केली. झाड जखम भरून काढत नाही, ते कुजलेल्या भागाभोवती आतून तटबंदी उभारतं आणि बाहेरून नवं लाकूड वाढवतं. डांबर किंवा रंग ही कूज थांबवत नाही. फुगीर कडं शाबूत असलं तर झाड स्वतःच चांगलं काम करतं.

लाकडाची विल्हेवाट

यावर फार वेळ गेला नाही. बारीक फांद्यांचा यंत्राने भुगा केला आणि झाडांच्या आळ्यांत ५ ते १० सेंमी जाडीचा थर दिला, खोडाला टेकू न देता. ताजा भुगा मातीत कालवला तर कुजताना तो नत्र खेचून घेतो. वर पसरला तर हा त्रास जवळजवळ होत नाही. ओंडके जमिनीपासून उचलून, वारा खेळेल असे रचले. ओला पाला जाळायचा विचार निघाला होता, धुरामुळे तो सोडला. ढिगात हात घालण्यापूर्वी काठीने हलवून घ्यायचं, एवढं मात्र सगळ्यांना बजावलं. उन्मळलेल्या झाडाबरोबर साप, विंचू, मधमाश्या अशा सगळ्यांचीच घरं मोडलेली असतात.

परिणाम

कुणालाही इजा झाली नाही. जांभळाचा शेंडा वाळला, पण खालून जोमदार फूट आली. त्यातली एक सरळ फूट राखून बाकीच्या काढल्या. वर्षभराने खुंट काढले तेव्हा झाड आपल्या आधाराने उभं राहिलं, किंचित तिरकं. आंब्याची छपराकडची एक उपफांदी पुढच्या काही महिन्यांत वाळत गेली, ती काढावी लागली. चीर रंगाच्या रेघेपुढे गेलेली नाही आणि कडांवर नव्या सालीची गोलसर वळी धरू लागली आहे. पुढचा वादळी मोसम झाडाने काढला. केबल आणि बोल्टची पाहणी दरवर्षी करायची आहे. एकदा बसवून विसरायची ती वस्तू नव्हे.

काय वेगळं करता आलं असतं

चेनसॉ चालू होण्याआधी कुणीतरी एक फेरी मारायला हवी होती. लांबून, रिकाम्या हातांनी, आधी वर बघत आणि मग खाली. तार, लटकलेली फांदी, वाकलेल्या फांद्या आणि मुळांचा गड्डा, या चारही गोष्टी तशा फेरीत दिसल्या असत्या. शेजाऱ्याने हेल्मेट, डोळ्यांवर संरक्षण, जाड बूट यांतलं काहीच घातलेलं नव्हतं. पण ती साधनं अंगावर असती तरी ताणलेली फांदी कापायचा निर्णय चुकीचाच ठरला असता.

पथकाशी बोलणी करताना बुंधा आणि गड्डा कोण नेणार, हे आधी ठरलं नव्हतं. ते लोक कापून गेले आणि गड्डा बरेच दिवस फाटकाशी पडून राहिला. काम सांगतानाच हे लिहून घ्यायला हवं होतं.

सर्वांत मोठी गोष्ट वादळाच्या कितीतरी आधीची आहे. चर खणताना मुळं कापली गेली, तेव्हा कुणी झाडाकडे पाहिलं नाही. पाइप थोडी वळवून नेली असती किंवा मुळांच्या खालून बोगदा पाडून घेतली असती, तर गुलमोहर कदाचित उभा असता. आंब्याच्या बेचक्यात दबलेली सालही वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर होती. झाड लहान असतानाच दोनांपैकी एक भाग मागे छाटला असता तर आज बोल्टची गरज पडली नसती.

फाटकाजवळ नवं झाड लावताना काकूंनी जागा पाइपपासून चांगली लांब घेतली आहे. आंब्याबद्दल घरात आता एकमत आहे. चीर रेघेच्या पुढे सरकली तर छपराकडचा भाग पूर्ण काढायचा, त्या वेळी नव्याने वाद घालायचा नाही. वादळाचा इशारा आला की मागच्या खोलीत कुणी झोपायचं नाही, हेही ठरलेलं आहे.